शिंगाळा

पुणतांबा हे अहिल्यानगर जिल्ह्यातील गाव गोदावरीच्या काठी वसले आहे. योगी चांगदेवांची समाधी आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाट यांमुळे या गावाचे नाव दूरवर ऐकू जाते. यात्रेकरू येतो, समाधीचे दर्शन घेतो, घाटाच्या पायऱ्या उतरून गोदेचे पाणी मस्तकाला लावतो आणि परततो. परंतु ज्याचे बालपण त्या काठावर गेले, त्याच्या आठवणीतील गोदावरी थोडी निराळी असते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की पात्रात ठिकठिकाणी डोह आणि डबकी उरतात. खडकांच्या आड साचलेल्या त्या गढूळ पाण्यात मासे अडकून पडतात, आणि गावातील मुलांचा मुक्काम मग तेथेच असतो.

माझे वय तेव्हा दहा वर्षांचे असेल. अशाच एका डबक्यात मी कोपरापर्यंत हात बुडवून मासे चाचपडत होतो. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागले. मी मूठ आवळली आणि त्याच क्षणी किंचाळून हात बाहेर काढला. वीतभर लांबीचा, मिशाळ, राखाडी रंगाचा एक मासा खडकावर पडून तडफडत होता आणि माझ्या तर्जनीतून रक्त ठिबकत होते. जखम सुईने टोचावे एवढीच; पण वेदना मात्र जखमेच्या मानाने कितीतरी मोठी. जणू कोणी बोटावर निखारा ठेवला आहे आणि तो विझतच नाही! पाहता पाहता बोट सुजले आणि ठणका मनगटापर्यंत चढला. पलीकडे जाळे वाळत घालीत असलेला एक भोई धावत आला. माशाकडे पाहून तो म्हणाला, "शिंगटी आहे, पोरा. हिला धरायचे तर मुठीत नाही धरायचे. जा, घरी जा, आणि हात शेक."

घरी एकच गडबड उडाली. कोणी चुना लावा म्हणाले, कोणी मनगटाशी दोरी आवळून बांधा म्हणाले. एका शेजाऱ्यांनी तर विंचू उतरविणाऱ्याला बोलावण्याची तयारी चालविली. माझ्या आजीने कोणाचेच ऐकले नाही. तिने चुलीवरच्या तपेल्यातले पाणी घंगाळात ओतले, त्यात थोडे गार पाणी मिसळले, आधी स्वतःचा हात त्यात घालून पाहिला आणि मग माझा हात धरून आत बुडविला. "सोसवेल तेवढेच कढत आहे. काढू नकोस," एवढेच ती म्हणाली. पाणी निवत आले की ती पुन्हा कढत पाण्याची भर घाली. पाऊण तासाने मी रडणे थांबविले होते. आजीला हे कोणी शिकविले होते, ते मला ठाऊक नाही. परंतु तिने जे केले, तेच आजचे डॉक्टरही करावयास सांगतात. त्याचे कारण पुढे येईलच.

ज्या माशाने मला दंश केला, त्याच्या कुळाची ओळख आधी करून घेऊ. ओठांभोवती मांजराच्या मिशांसारखे लांब धागे असणाऱ्या, अंगावर खवले नसणाऱ्या माशांना मार्जारमीन म्हणतात. आपल्या नद्यांतील शिंगटी, शिंगाळा आणि शिंगी हे सर्व मार्जारमीनच होत. या तिन्ही नावांत 'शिंग' हा शब्द आहे, तो उगीच नव्हे. या माशांच्या परांत हाडासारखे टणक काटे असतात. कोळ्यांनी आणि भोयांनी त्यांनाच शिंगे मानले.

ही मराठी नावे थेट जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. शेती, लोकसंख्या आणि हवामान यांची नोंद करणे हे त्याचे काम. पण त्याला पशुपक्ष्यांचा आणि माशांचाही नाद होता. त्याने भीमा, मुळा, मुठा या नद्यांतील मासे गोळा केले, त्यांची चित्रे काढविली आणि भोई त्यांना काय म्हणतात ते विचारून घेतले. इंग्लंडला परतल्यावर १८३९ मध्ये त्याने या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यात एका माशाच्या लॅटिन नावाचा उत्तरार्ध 'सींघाला' असा आहे आणि दुसऱ्याच्या नावाचा 'सींगटी' असा! शिंगाळा आणि शिंगटी हे आपले शब्द आज जपानचा किंवा ब्राझीलचा मत्स्यशास्त्रज्ञही उच्चारतो. त्या नावांमागचा भोई मात्र निनावीच राहिला.

जगातील बहुतेक मार्जारमीन गोड्या पाण्यात राहतात. समुद्राकडे वळलेली त्यांची मोठी कुळे दोनच. त्यांपैकी एक कुळ वामाप्रमाणे निमुळत्या शेपटीच्या माशांचे आहे. दुसऱ्या कुळातील मासे कोकणच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत विपुल असतात, आणि तेथील कोळीही त्यांना शिंगाळाच म्हणतात. नाव एक असले तरी नदीतला शिंगाळा निराळा आणि खाडीतला निराळा. या लेखाचा विषय आहे तो खाडीतला.

त्याची आणि माझी भेट फार वर्षांनी झाली. शिक्षकाची नोकरी मला कोकणात घेऊन गेली होती. एका सकाळी खाडीकाठच्या बाजारात एका कोळणीच्या पाटीत हातभर लांबीचे, चांदीसारख्या पोटाचे आणि निळसर काळ्या पाठीचे मासे मी पाहिले. चपटे डोके, रुंद तोंड आणि त्याभोवती मिशा. माझा जुना वैरीच मोठा होऊन समोर आला होता! कुतूहलाने मी हात पुढे केला, तोच कोळीण ओरडली, "हात नका लावू, मास्तर! मासा मेला तरी काटा मरत नाही." मग तिने एका ओंडक्यावर मासा ठेवून कोयत्याच्या उलट्या बाजूने तीन टोले मारले. एक पाठीवर आणि एकेक दोन्ही कुशींवर. तीन काटे तुटून पडले. "आता घ्या," ती म्हणाली.

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. काट्यातील विष माशाच्या मृत्यूबरोबर नाहीसे होत नाही. बाजारात, स्वयंपाकघरात आणि जाळे झाडताना होणारे पुष्कळसे दंश मेलेल्या किंवा मरणोन्मुख माशांपासूनच होतात.

खाडी म्हणजे नदी आणि समुद्र यांची सीमा. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी आत शिरते. ओहोटीला ते मागे सरते आणि नदीचे गोडे पाणी पुढे येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण ठिकाणागणिक आणि प्रहरागणिक बदलते. पावसाळ्यात तर वरच्या थरातील पाणी जवळजवळ गोडेच होते. या चढउतारात टिकणे सोपे नाही. भोवतालचे पाणी फार खारे असले तर माशाच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. ते गोडे असले तर बाहेरचे पाणी आत शिरते. खाडीत राहणाऱ्या माशाची मूत्रपिंडे आणि कल्ले यांना हा तोल रात्रंदिवस सांभाळावा लागतो. ज्यांना हे साधले नाही ते खाडीच्या मुखाशीच थांबतात. शिंगाळ्याला ते साधले आहे. वसईच्या खाडीपासून दाभोळ-जयगडपर्यंत कोठेही खाडीत गळ टाका, शिंगाळा लागण्याचा संभव असतोच.

त्याचे खरे राज्य खाडीच्या तळाशी. तेथे चिखल असतो, कुजलेला पालापाचोळा असतो आणि वर सतत ढवळलेले गढूळ पाणी. अशा ठिकाणी डोळ्यांचा उपयोग बेताचाच. म्हणूनच निसर्गाने त्याला मिशा दिल्या आहेत. या मिशा म्हणजे नुसते स्पर्शाचे साधन नव्हे. त्यांच्यावर चव ओळखणारी असंख्य सूक्ष्म केंद्रे असतात. आपण जिभेने चाखतो. शिंगाळा चालता चालता जमीनच चाखत जातो. चिखलात दडलेला किडा, कोळंबी, चिंबोरीचे पिलू त्याला मिशीच्या टोकानेच उमगते. वामासारख्या शेपटीच्या ज्या दुसऱ्या कुळाचा उल्लेख मी केला, त्यातील एका जपानी माशाविषयी २०१४ मध्ये एक विस्मयकारक गोष्ट प्रसिद्ध झाली. वाळूत पुरलेला कृमी श्वास सोडतो तेव्हा भोवतालचे पाणी किंचित आम्ल होते. तेवढा अत्यल्प फरकही या माशाच्या मिशा ओळखतात. भक्ष्याचा श्वासच त्याचा घात करतो!

शिंगाळ्याच्या जातीही अनेक आहेत. त्यांपैकी एकीच्या वरच्या ओठाला मऊ धाग्यांऐवजी दोन ताठ, हाडासारख्या कडक मिशा असतात. स्वीडनचा प्रख्यात शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये तिच्या नावात 'सैनिक' या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. पीळदार मिशांचा शिपाई त्याच्या डोळ्यांपुढे आला असावा, असे त्या माशाकडे पाहताना मला नेहमी वाटते.

आता त्या तीन काट्यांकडे वळू. एक काटा पाठीवरच्या पराच्या आरंभी असतो आणि एकेक छातीजवळच्या दोन परांच्या आरंभी. काटा टोकदार तर असतोच, पण त्याच्या कडेला करवतीसारखे दातेही असतात. मासा निवांत पोहत असताना काटे अंगाशी मिटलेले असतात. भीतीची चाहूल लागताच तो ते उभारतो. उभारलेला काटा मुळाशी असलेल्या हाडांच्या विशिष्ट रचनेमुळे तेथेच अडकून बसतो, जसा दाराला खिटी घातल्यावर दार ढकलून उघडत नाही तसा. मग त्याला कितीही दाबा, तो वाकत नाही. मासा स्वतः ती खिटी काढील तेव्हाच काटा मिटतो. तीन दिशांना तीन बरच्या रोखलेला हा घास गिळावयाचा कसा, असा प्रश्न मोठ्या माशाला आणि बगळ्याला पडला तर नवल नाही. मेक्सिकोच्या आखातात शास्त्रज्ञांना याच कुळातील माशांची नुसती डोकी पाण्यावर तरंगताना आढळली. शोधाअंती २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले की, तेथील डॉल्फिन काट्यांसह डोके वगळून मागचे धड तेवढे खातात. कोळीण कोयत्याने जे करते, तेच डॉल्फिन दातांनी करतो.

काटा हाडाचा, मग विष कोठे असते? काट्यावर कातडीचे एक पातळ आवरण असते आणि त्या आवरणात विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा शरीरात घुसताना हे आवरण फाटते, पेशी फुटतात आणि विष जखमेत उतरते. सापाच्या दातातून विष पिचकारीसारखे सोडले जाते. शिंगाळ्यापाशी तशी पिचकारी नाही. म्हणूनच तो कोणाच्या अंगावर धावून जाऊन दंश करीत नाही आणि विषाने शिकारही करीत नाही. त्याचे शस्त्र केवळ बचावाचे आहे. त्याला कोणी पकडले, दाबले किंवा तुडविले तरच ते चालते. सर्प आणि शिंगाळा यांना एकाच मापाने मोजणे त्यामुळे मला अन्यायाचे वाटते.

हे विष बाळगणारा तो एकटाच नव्हे. अमेरिकेतील जेरेमी राइट या संशोधकाने २००९ मध्ये जगभरच्या मार्जारमीनांचे काटे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्याच्या हिशेबाप्रमाणे किमान १,२५० आणि कदाचित १,६०० हूनही अधिक जातींचे मार्जारमीन विषारी असावेत. विषारी प्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साप आणि विंचू येतात. पाण्याखाली एवढी मोठी विषारी प्रजा नांदत असेल, ही कल्पनाही आपल्याला नसते. पुणतांब्याच्या डबक्यातील ती वीतभर शिंगटीसुद्धा ज्या कुळात मोडते, त्या कुळात विषग्रंथी आढळल्या आहेत.

दंश झाल्यावर काय होते, ते मी अनुभवाने सांगितलेच आहे. तत्काळ आग होते, ठणका लागतो, जखमेभोवतीची कातडी प्रथम फिकट पडते व मग लाल होऊन सुजते. खाडीतल्या मोठ्या शिंगाळ्याचा दंश अर्थातच अधिक तीव्र असतो. वेदना कित्येक तास टिकते. माणूस यामुळे दगावणे ही फार विरळ गोष्ट आहे. खरे संकट पुष्कळदा वेदना ओसरल्यावर सुरू होते. काट्याचे दाते जखम फाडतात, कधी काट्याचा तुकडा आतच मोडून राहतो आणि खाडीच्या पाण्यातील जंतू जखमेत शिरून ती चिघळते. 'दुखणे थांबले, आता काय भीती?' असे म्हणून चिखलात पुन्हा कामाला लागलेल्या कोळ्याला पुढे बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.

यावर उपाय काय? हे विष मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते. प्रथिनांचे कार्य त्यांच्या विशिष्ट घडणीवर अवलंबून असते आणि उष्णतेने ती घडण मोडते. अंड्यातील पांढरा बलक तापविला की घट्ट होतो, तो याच कारणाने. बलकाला त्यासाठी पुष्कळ उष्णता लागते. माशांचे विष मात्र नाजूक असते. म्हणून दंश झालेला हात किंवा पाय सोसवेल इतक्या कढत, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. काही डॉक्टरांच्या मते या उष्णतेने वेदनेची जाणीवही बोथट होते. पाणी याहून कढत मात्र नसावे. नाही तर दंशाची वेदना जाईल आणि भाजल्याची येईल. ठणकणाऱ्या हाताला उष्णतेचा अंदाज नीट येत नाही. तेव्हा पाणी आधी निरोगी हाताने पाहावे. माझ्या आजीने आधी स्वतःचा हात घातला होता, तो याचसाठी. पाण्यातून काढल्यावर जखम स्वच्छ धुवावी आणि दवाखाना गाठावा. आत तुकडा राहिला आहे काय हे डॉक्टर क्ष-किरणांनी पाहतात, जरूर तर धनुर्वाताची लस टोचतात. दोरी आवळून बांधणे, जखम चिरणे, तोंडाने विष चोखणे किंवा चुना फासणे यांनी अपायच होतो.

तळाशी राहणाऱ्या विषारी माशांत शिंगाळ्याचा एक शेजारी अधिक धोक्याचा आहे. त्याचे नाव पाकट. हा सुपासारखा पसरट मासा उथळ वाळूत अंग पुरून बसतो आणि त्याच्या चाबकासारख्या शेपटीवर विषारी नांगी असते. २०१३ च्या सप्टेंबरात मुंबईला गिरगावच्या चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू असताना कित्येक भाविक अचानक पाय धरून ओरडत पाण्याबाहेर आले. उथळ पाण्यात आलेल्या पाकटांवर त्यांचे पाय पडले होते. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या दिवशी पाण्यात उतरलेल्यांपैकी किती जणांना पाकट म्हणजे काय हे ठाऊक असेल? अशा पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी तळाला घासत, वाळू ढवळीत चालावे. चाहूल लागताच पाकट आपण होऊन दूर होतो. त्याच्या दंशावरही कढत पाण्याचाच उपचार प्रथम करतात. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांतील दगडमासा या दोघांहूनही भयंकर. त्याच्या विषावर ऑस्ट्रेलियात १९५९ मध्ये उतारा तयार झाला. शिंगाळ्याच्या विषावर तसा उतारा नाही, आणि सहसा त्याची गरजही भासत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, शिंगाळा हा केवळ काटे आणि विष यांचाच पुतळा आहे. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटे. ते मत बदलले ते त्याच कोळणीमुळे. एके दिवशी तिने मला हाक मारून जवळ बोलाविले आणि एका शिंगाळ्याचा जबडा काडीने उघडून दाखविला. आत लहान बोरांएवढे पिवळसर गोळे ठासून भरले होते. मला वाटले, याने काही तरी गिळले आहे. ती हसली. "गिळले नाही, मास्तर. सांभाळले आहे. ही त्याची अंडी."

रोहूसारखा मासा एका विणीत लाखो अंडी घालतो आणि ती पाण्यावर सोडून निघून जातो. त्या लाखांतून काही मोजकी पिले जगली तरी वंश चालतो. शिंगाळ्याचा मार्ग याच्या अगदी उलट. त्याची मादी थोडीच अंडी घालते. पण एकेक अंडे दहा-पंधरा मिलिमीटर व्यासाचे. माशांच्या जगात एवढी मोठी अंडी क्वचितच आढळतात. ती घातली जाताच नर ती तोंडात घेतो. तेथे ती शत्रूंपासून सुरक्षित राहतात, आणि श्वासासाठी तोंडातून आत घेतलेले व कल्ल्यांवाटे बाहेर टाकलेले पाणी त्यांच्यावरून सतत वाहत असल्याने त्यांना प्राणवायूही मिळतो. अंड्यांतून पिले बाहेर पडतात, तरी त्यांच्या पोटाशी बलकाची पिशवी असते तोवर ती बापाच्या मुखातच राहतात. हे सर्व होईपर्यंत कित्येक आठवडे लोटतात. काही जातींत तर दोन महिनेही. या सर्व काळात नर काही खात नाही. खाईल कसा? तोंड मिटून घास गिळायचा तर स्वतःची पिलेच गिळली जावयाची! चिखलातल्या प्रत्येक किड्याची चव ज्याला मिशीने कळते, तो भक्ष्यांच्या मधून उपाशी फिरत राहतो.

या संगोपनाच्या रीतीत जितकी सुरक्षितता आहे, तितकाच एक धोकाही आहे. अंडी थोडी असल्याने प्रत्येक अंड्याला मोल आहे, आणि एक नर मारला गेला की त्याच्याबरोबर एक संपूर्ण वीण जाते. कोळ्यांचे गळ आणि पाग, खाडीत खुंटांना बांधलेली डोल जाळी यांतून शतकानुशतके शिंगाळा पकडला गेला. तरी त्याचा वंश टिकून राहिला, कारण या साधनांची पोच मर्यादित होती. १९७० नंतरच्या वर्षांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन नावाचे अवाढव्य जाळे यंत्रनौकांवरून वापरात आले. हे जाळे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे फिरवितात आणि बटव्याची दोरी ओढावी तसे त्याचे तळ आवळतात. आत सापडलेला थवा समग्र वर येतो. शिंगाळ्यांचे थवे अशा जाळ्यात सापडले, आणि त्यांत तोंडात अंडी धरलेल्या नरांचाही भरणा होता. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० मध्येच या नाशाकडे लक्ष वेधून पर्ससीनवर निर्बंध घालण्याची आवश्यकता प्रतिपादिली होती. पण बाजारभाव आणि इशारा यांची शर्यत लागली की पुढे कोण जातो, ते सांगावयास नको. पुढील काळात त्या किनाऱ्यावरील शिंगाळ्याची आवक ओसरत गेली.

महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ मध्ये झाला. पर्ससीनच्या प्रश्नावरून किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि यंत्रनौकांचे मालक यांच्यात पुढे अनेक वर्षे तंटे चालले. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने या जाळ्यांवर कडक मर्यादा घातल्या. त्या मर्यादांचे पालन कितपत होते, याविषयीची तक्रार आजही बंदराबंदरांवर ऐकू येते. खाड्यांची स्थिती तर आणखी निराळी. कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचा मैला आणि तिवरांच्या जंगलांवर टाकलेले भराव यांनी तळाच्या चिखलावरच घाला घातला आहे. आणि शिंगाळ्याचे सारे जीवन त्या चिखलात. पुणतांब्याचा माणूस म्हणेल, हा प्रश्न कोकणचा. परंतु गोदावरीच्या उन्हाळी डोहांतील शिंगट्या आणि शिंगाळेही तळाशीच राहतात, आणि नदीत सोडलेले प्रत्येक घाण पाणी अखेर तळाशीच जाऊन बसते.

त्या कोळणीला मी विचारले, "ही अंडी तोंडातच कशी राहिली? जाळ्यात सापडल्यावर सांडली नाहीत?" ती म्हणाली की, बहुतेक सांडतात. जाळ्याच्या ओढाताणीत मासा तोंड वासतो आणि अंडी होडीच्या तळाशी घरंगळत जातात. पण एखादा नर मात्र जीव जाईपर्यंत जबडा उघडत नाही. मग तिने तो मासा ओंडक्यावर ठेवला, तीन टोल्यांत तीन काटे मोडले आणि पोट चिरले. आतडी चिमून दोऱ्यासारखी झाली होती. त्यांत अन्नाचा कणही नव्हता.